चकाचक

"तुमी खाडीत मानूस उतरवलाच नाय, साहेब."

बाळाराम उभ्यानंच बोलला. बस म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. साहेबांनी अडीच वर्षांपूर्वीची फाईल मागवली, दोन पानं उलटली आणि वाचून दाखवली. निकेश, वय बावीस, आईशी भांडून मोटारसायकल घेऊन निघून गेला. तपास चालू. तपास कसला? आई चौकीत आली की 'पोरं जातात हो, पैसे संपले की येतात' एवढं सांगायचं आणि तिला घरी धाडायचं. खाडीत कुणी बुडाल्याचा संशय आला की पहिला फोन कोळीवाड्यात येतो. होडी काढा, जाळं टाका. या पोरासाठी तो फोन कधी आलाच नव्हता.

बाळारामनं बाहेर बोट दाखवलं. निकेशची मोटारसायकल चौकीच्या दारात उभी होती. साहेब पायऱ्या उतरून आले. टाकीत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला.

"ही पाण्यात होती? शोरूममधून उचललीस काय रे?"

हवालदार फिस्सकन हसला.

गाडी त्यानं कळंबोलीच्या एका भंगारवाल्याकडून घेतली होती. जुनी टू-स्ट्रोक. स्वतःच्या लग्नात बाळारामकडे तशीच होती, म्हणून जीव अडकला. नंबरप्लेट नव्हती, कागद नंतर देतो, भंगारवाला म्हणाला. पावसात उभी राहिली काका, बाकी इंजिन एकदम ओके. घरी आणून सायलेन्सर कापला तर आत कालवं, खाडीतले शिंपले. अंगठ्याएवढी, एकावर एक चढलेली. बाळाराम दिवाळे कोळीवाड्यातला, नोकरीला तळोज्यात फिटर. त्याला खाडीही कळते आणि लोखंडही. गाडी वर्षभर तरी पाण्याखाली होती. भांडायला गेला तेव्हा भंगारवाल्यानं कबूल केलं, खाडीतला गाळ काढणाऱ्या क्रेनला ती लागली, त्यानं लोखंड म्हणून घेतली.

तेव्हाच विचारायला हवं होतं की गाडी तळाला गेली, तर वर बसलेला कुठं गेला. बाळारामनं मनाची समजूत घातली. इन्शुरन्ससाठी ढकलली असेल कुणी, लोक करतात. आणि तो कामाला लागला. आठ महिने लागला. कालवं खरवडून गटारात टाकली. इंजिनातला गाळ रॉकेलनं धुतला. सडलेली सीट फेकली, टाकीचे पोचे काढले, रंग मारला. शेवटी गाडी नावावर करायची म्हणून चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली. एजंटनं त्यावरून मालकाचा पत्ता काढून दिला. त्या पत्त्यावर तो रिक्षानं गेला, तर शेजारणीनं पोराचं सगळं सांगितलं. आई आतच होती. तिला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. घरून गाडी काढून तो तडक चौकीत आला.

साहेबांनी पुरावा मागितला. पुरावा बाळारामनं स्वतःच्या हातांनी आठ महिने घासून घासून काढून टाकला होता. साहेबांना घरी जायची घाई होती. त्यांनी एवढंच सांगितलं, की आईनं लिहून द्यावं, माझा मुलगा खाडीत शोधा म्हणून. मग बघू.

म्हणजे सांगायचं काम बाळारामचं. ज्यांनी करायचं त्यांनी हात झटकले.

वाटेत त्यानं वाक्य जुळवलं. ताई, गाडी खाडीत मिळाली. चारच शब्द. हेल्मेटच्या आत तो ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

राहीबाई दारात भांडी घासत होती. तिचा नवरा स्टील मार्केटात माथाडी होता. ही गाडी त्यानंच घेतलेली, तो गेल्यावर पोरगा चालवायचा. वीस वर्षं तिनं हा आवाज ऐकला होता. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच ती उठली आणि साबणाच्या हातांनी धावत सुटली. हेल्मेटखालून पांढऱ्या मिशा निघाल्या तशी थबकली.

"ताई," बाळाराम म्हणाला. पुढचे तीन शब्द राहूनच गेले. राहीबाई त्याच्याकडे बघतच नव्हती. ती गाडीभोवती फिरत होती.

टाकीवरून तिनं हात फिरवला. नवऱ्यानं एकदा ट्रकला ठोकून पोचा पाडला होता, तो पोरानं काढून घेतला म्हणाली. सीट तिनं दाभणानं शिवून दिली होती. आता नवी आहे. म्हणजे पोरगं कमावतंय. मग ती आरशांशी आली. बाळारामनं हौसेनं बसवलेले दोन गोल आरसे. तिथं रडू येऊन तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

"ह्या आरशांवरनंच तर भांडलो आमी. मागचं दिसत न्हाई, आरसं लाव म्हनलं, तर तरातरा निघून गेला. बघा, लावलं शेवटी. ऐकलं माझं."

शेजारणी गोळा झाल्या. निकेशनं गाडी पाठवली, असं राहीबाई त्यांना सांगत होती. आधी बाळारामला पोराचं सगळं सांगणारी शेजारीण पदराआडून बाळारामकडे टक लावून बघत होती. तो खाली बघत होता. राहीबाईनं आतून हळदकुंकू आणलं, हेडलाईटला बोट लावलं, आणि बाळारामच्या हातावर चिमूटभर साखर ठेवून तोच हात घट्ट धरला.

"भाऊ, तुमी बघितलंय त्याला. कवा येतो म्हनला? सांगा की."