ठसे

"चपलांचं ठीक आहे, आता पायही दाराबाहेर काढून ठेवू का?" उंबऱ्यापाशी ठेवलेल्या ब्लीचच्या बादलीकडे बघत सासूबाई पुटपुटल्या.

सून जनावरांची डॉक्टर. आणि तिच्याच घरातलं कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू पार्वोच्या विषाणूने निपचित पडलेलं, सलाईनवर. पहिली लस पुढच्या आठवड्यात द्यायची होती. आल्यापासून ते एकदाही घराबाहेर गेलं नव्हतं, मग हा विषाणू आला कुठून? नवरा दूधवाल्यावर संशय घेई, लेक शेजारच्या कुत्र्यावर. सासूबाईंचं मात्र एकच पालुपद, "माझ्याच चपलांना चिकटून आला. रोज फिरायला मी जाते ना!"

सून उठून सलाईन बघे, पुसलेली फरशी पुन्हा पुसे, परत येऊन पिल्लाशेजारी बसे.

चौथ्या दिवशी सासूबाई आपल्या नव्या चपला कचऱ्यात टाकायला निघाल्या, तेव्हा सुनेने त्यांचा हात धरला.

"आई, नका टाकू. पिल्लू आलं त्या दिवशी त्याला बघायच्या घाईत मी दवाखान्यातले ओले बूट घालूनच आत आले होते."

"माहितेय गं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "ते ठसे मीच पुसले होते."