खडखड

जुना टाइपरायटर भंगारात गेला आणि टंकलेखक आपल्या सुनेच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपसमोर बसला. गिऱ्हाइकांना आता कागद नको, फाइल हवी होती. पहिल्याच ओळीला त्याने बटणं अशी बडवली की टेबल हादरलं. “बाबा, हळू!” सून ओरडली. “इथे तीन कार्बनपेपर नाहीत. नुसतं बोट टेकवा.” ओळ संपताच डावा हात टाइपरायटरचा दांडा ढकलायला उठला आणि हवेतच राहिला, ओळ आपली आपण खाली उतरली होती. तासाभरात बोटं मऊ पडली. पानभर मजकूर उमटला, तोही मुकाट्याने. “जमलं की!” सून म्हणाली. तेवढ्यात आतल्या खोलीतून दृष्टी गेलेल्या बायकोची हाक आली, “अहो, कुठे गेलात?” “इथेच आहे.” थोड्या वेळाने पुन्हा तीच हाक, आता कापरी. खडखड थांबली म्हणजे तो बाहेर पडला, एवढंच तिला ठाऊक. सुनेने लॅपटॉपकडे एकदा पाहिलं. “बडवा, बाबा.”