डावा आकडा

कुंदा खोतांनी दगडमाशी चिमट्यात न धरता तळहातावर घेतली. धुक्यात ओढा झोपेत बोलल्यासारखा वाहत होता.

"खात्याचीच असेल," शेजारी उकिडवा बसलेला धर्माजी म्हणाला. खात्याने ओढ्यात सोडलेले यंत्राचे नर तोच सांभाळायचा. कित्येक वर्षं ते पोटाने दगडावर ताल धरून माद्यांना साद घालत होते. एकाही दगडातून उत्तर आलं नव्हतं. उद्या ओढा पाइपात कोंडणार होते. या माशीची जिवंत जोडी सापडली तरच ते काम थांबणार होतं.

कुंदाताईंनी भिंग डोळ्याला लावलं. नराची जात ओळखायची ती शेपटीजवळच्या दोन बाकदार आकड्यांवरून. यंत्राच्या प्रत्येक नराचा डावा आकडा मोडका असायचा, कारण ज्या एकुलत्या जुन्या नमुन्यावरून ते घडवले, त्याचा आकडा कुणाच्या तरी चिमट्याने मोडला होता. कारखान्याने ती मोडसुद्धा इमानेइतबारे उतरवली होती.

त्यांनी माशी हलकेच वळवली. मग भिंग पदराने पुसून पुन्हा पाहिलं.

"धर्माजी, याचे दोन्ही आकडे शाबूत आहेत."

"म्हणजे नव्या घडणीचा?"

"घडवलेला नाही. जन्मलेला."

धर्माजीने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

कुंदाताईंनी नर दगडावर सोडला. तो थोडा चालला, थांबला आणि पोट आपटू लागला. त्यांनी ओल्या दगडाला कान लावला. ताल थांबला. पाणी वाहत राहिलं. मग दगडाच्या पलीकडच्या अंगाने, अगदी हळू, कुणीतरी उत्तर दिलं.