काठावरचा चेहरा

जन्मभर लोकांची टिंगल करून पोट भरलं. आत्मचरित्रात निदान एक प्रकरण शौर्याचं असावं, म्हणून विहिरीचं प्रकरण पहिलं लिहिलं. धाकटा भाऊ विहिरीत पडला, मी काठावरून मागोमाग उडी घेतली. तो गेला, मी वाचलो. साठ वर्षं हेच सांगत आलोय, आता तर पाठही झालंय.

बायको छापखान्यात मुद्रितं तपासायची. निवृत्त झाली तरी लाल पेन्सिल काही सुटलेली नाही. समासात तिनं एक प्रश्नचिन्ह काढलं.

"अहो, काठावर तुम्हीच होतात ना?"

"म्हणजे काय! तुला लग्नाआधीच सांगितलंय."

"मग हे काय लिहिलंय? 'वर ताटाएवढं गोल आभाळ, आणि काठावरून वाकलेला त्याचा रडवेला चेहरा.' तो वर असेल, तर खाली कोण होतं?"

"नजरचूक गं. आण इकडे, दुरुस्त करतो."

ते वाक्य मी चार वेळा बदलून लिहिलं.

चारही वेळा तो वरूनच ओरडला, "दादा, घाबरू नकोस, मी आलो!"