मागची सीट

मोटारसायकल निवडणं हे सोयरीक जुळवण्याहून अवघड काम आहे, असं निवृत्त मास्तर किशनराव सगळ्या हट्टा गावाला सांगत. सोयरिकीत निदान टायर तपासावे लागत नाहीत.

बायकोला, रुक्माबाईंना, रत्नागिरीचा समुद्र दाखवायचा हा त्यांचा तीस वर्षांपूर्वीचा वायदा. त्यासाठी आठ महिने मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्यांनी लांब पल्ल्याची, वेगाची, तरी पाठ न दुखवणारी स्पोर्ट टुरिंग गाडी घेतली. ओल्या डांबरावरही न घसरणारे टायर नांदेडहून मागवून बसवले.

निघायच्या सकाळी रुक्माबाई नवं लुगडं गोल नेसून गाडीभोवती दोनदा फिरल्या. मागची सीट त्यांच्या कमरेच्याही वर येत होती.

"एका बाजूनं बसलं तर पाय ठेवायला जागा काहून न्हाई?"

"तसं बसतच न्हाईत हिच्यावर. एक पाय इकडं टाकायचा, एक तिकडं."

"लुगड्यात?"

किशनरावांनी पाहिलेले सगळे व्हिडिओ आठवून पाहिले. एकातही मागं लुगडं नव्हतं.

रुक्माबाईंनी पिशवी उचलली.



"तुमी व्हा पुढं समुद्राकडं. मला तेवढं एसटीत बसवून द्या."