उजवा कौल

"कौल लागल्याबिगर पोर मुंबईस जायची नाय!" सोनूबाईने सुनेला देवळाच्या पायरीवरच सुनावलं.

तेजलने हातातली फाईल छातीशी आवळली. फाईल तिच्या नऊ वर्षांच्या वेदिकाची. शाळेत धावताना पोर दोनदा कोसळली होती. हृदयाला रक्त पुरवणारी डावी धमनी जन्मापासून भलत्याच जागी उगवलेली, दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या बेचक्यात. धावलं की चिमटते. हजारात एखाद्याला असतं म्हणे असं. ती सोडवून नीट जागी बसवायला मुंबईच्या डॉक्टरांनी सोमवारची तारीख दिली होती. "तिसऱ्यांदा पडली तर उठेलच, असं सांगता येत नाही," असंही ते म्हणाले होते.

पण सासरे रावजी देवाला विचारल्याशिवाय नातीच्या छातीला सुरी लावू देणार नव्हते. नवरा राजेंद्र मुंबईहून फोनवर एवढंच म्हणाला, "बाबा म्हणतील तसं." सासू तर सासऱ्यांच्या वरताण. चार दिवस तिने कौलाचाच धोशा लावला होता. तेजलला तिचं तोंडही बघवत नव्हतं.

लवू गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. रावजींनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं. तेजलने हात जोडले नाहीत. नकार आला तर पोरीला उचलून पळायचं, एवढं तिने ठरवलं होतं. एकटीने कुठवर पळणार, हे मात्र तिला कळत नव्हतं.

उजवी पाकळी खाली आली.

रावजींनी लोटांगण घातलं आणि तडक गाडी सांगायला गेले. तेजलचा संताप मात्र आता उसळला.

"आणि डावी पडली असती तर? मारलंच असतंत ना माझ्या पोरीला?"

रावजी वळणाआड गेल्याची खात्री करून सोनूबाई तिच्याजवळ सरकली.

"डावी पडायचीच नव्हती. लवू माझ्या माहेरचा. मी सांगितलं म्हणून त्याने डावीला फणसाचा चीक लावलान. माझी लेक गंगा अशीच धावता धावता कोसळायची. तिला दवाखान्यात न्यायचा कौल डावा आला, नि मी मुकाट ऱ्हायले. गेली पोर. आता देवाचा काय कोप व्हायचा तो माझ्यावर होऊंदे. तू वेदिकाला घेऊन नीघ."