तिसरा पुकारा

"दिवेलागण झाली, बाई. आता निघा," एनॉक थरगुड म्हणाला.

डॉर्कसनं घासलेलं पातेलं पालथं घातलं, पण शाल उचलली नाही. "शलगमाचा रस्सा चुलीवर आहे. उतरवायचं लक्षात राहील?"

"राहील."

"काल नाही राहिलं. परवा निखारा चटईवर पडला. मी पहाटे आले नसते तर सकाळी तुझी राखच... तुमची राखच भरावी लागली असती."

बोलता बोलता ती अशी मध्येच 'तू'वर यायची, मग जीभ चावायची. एनॉकला ते विचित्र वाटे, वाईट वाटत नसे. बाई कामाची होती. कधीपासून येऊ लागली ते त्याला सांगता आलं नसतं. मेंढ्या विण्याच्या दिवसांत कुणीतरी पाठवली असावी.

रात्री मात्र तो तिला राहू देत नसे. एकट्या पुरुषाचं घर, त्यात परकी बाई. गाव काय म्हणेल? गावाचं सोडा, देव काय म्हणेल? मग ती गल्लीपलीकडच्या विधवा क्लॅगबाईंकडे निजायला जायची. निजते कसली, रात्रभर तुमच्या खिडकीकडे बघत बसते, असं क्लॅगबाई सांगत.

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना?" डॉर्कस म्हणाली. "रात्री घरात कुणी नसेल तर तुम्हाला शहरातल्या आश्रमात हलवणार. या महिनाअखेरीला. मला इथं राहू द्या."

"लग्नाची बायको असतात तर गोष्ट वेगळी."

"मग करा की लग्न."

एनॉकचा पाइप ओठांपाशीच थांबला. मनातलं कुणी मोठ्यानं वाचून दाखवावं तसं त्याला झालं.

"कुणाची हरकत नाही ना, म्हणून लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार दोघांच्या नावांचा पुकारा करावा लागेल," शेवटी तो म्हणाला. "पूर्ण नाव काय तुमचं?"

तिनं चुलीकडे तोंड फिरवलं. "पिम. डॉर्कस पिम."

"आणि यजमान?"

"हरवले."

"म्हणजे मेले नाहीत?"

तिनं निखारे सारखे केले. "त्याचं उत्तर पाळकसाहेबांनाही देता आलेलं नाही," ती म्हणाली, आणि शाल घेऊन निघाली.

पाळक पेटिफर म्हातारे होते आणि अर्धं प्रवचन गाऊनच सांगत. बोललेलं डोक्यात राहतं, गायलेलं छातीत राहतं, असं त्यांचं म्हणणं. एनॉकपुरतं तरी ते खरं होतं. त्याला कालचं जेवण आठवत नसे, पण पेटिफरांनी सूर धरला की एकेक स्तोत्र पुस्तकाशिवाय त्याच्या तोंडून वाहत येई. तेवढा वेळ त्याचे खांदेही ताठ होत.

पहिला पुकारा झाला. कुणी हसलं नाही.

एनॉक गोंधळला. सत्तरीचा नवरदेव, आणि गाव गप्प? लोहार बिडल तर मेलेल्यालाही थट्टेतून सोडत नसे. बाहेर चर्चच्या दफनभूमीच्या फाटकापाशी त्यानं एनॉकचा हात नुसता धरून ठेवला.

"अरे, हसत का नाहीस?"

"हसतोय की," बिडल म्हणाला आणि नाक शिंकरलं. "म्हाताऱ्या घोड्याला नवा नाल. बास झालं?"

"एवढंच?"

"आज एवढंच."

दुसऱ्या आठवड्यात एनॉकच्या मनात शंका शिरली. मागचं फाटक उचलूनच उघडावं लागतं, हे या बाईला कुणी शिकवलं? कुत्रा आपलं ऐकत नाही आणि तिच्या शिट्टीला धावतो, हे कसं? मेंढ्यांवर नि दगडी घरावर डोळा तर नसेल? तो क्लॅगबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. त्या कोंबडीची पिसं काढत होत्या.

"ही बाई कोण, कुठली?"

"चांगल्या घरची आहे."

"तिचा नवरा हरवलाय म्हणे. उद्या आला परत तर?"

क्लॅगबाईंचा हात थांबला. "आला तर तिच्याइतका आनंद कुणाला होणार नाही. तुम्हाला ती आवडते का ते सांगा."

एनॉकचे कान तापले. "आवडते."

"मग तोंड मिटा आणि लग्न करा. पिसं उडतायत, दार लावून घ्या."

दुसरा पुकारा झाला. तेव्हाही सगळे गप्प.

तिसऱ्या रविवारी चर्च भरून गेलं. दुसऱ्या बाकावर डॉर्कस निळा झगा घालून बसली होती. त्या दिवशी पेटिफरांनी प्रवचन जवळजवळ सगळंच गायलं. दिलेला शब्द कसा पाळावा, आपण विसरलो तरी देव तो शब्द कसा सांभाळून ठेवतो, एवढंच त्यात होतं. पण सूर असा खालून वर चढत गेला की एनॉकच्या छातीत काहीतरी हललं. ओल्या लोकरीचा वास. पायाखाली वेदीपुढची हीच झिजलेली पायरी. मुठीत एक हात. हाताच्या वर चेहरा काही येईना.

"हा तिसरा आणि शेवटचा पुकारा," पेटिफर वाचू लागले. "एनॉक थरगुड आणि डॉर्कस पिम. या लग्नाला कुणाची हरकत असेल तर त्यानं आत्ताच बोलावं."

डॉर्कसनं डोळे मिटून घेतले. कुणाची तरी चाहूल घेत असल्यासारखी ती बसली होती.

एनॉक उभा राहिला. "हरकत आहे."

"कुणाची?"

"माझी." त्यानं टोपी छातीशी धरली. "माझं लग्न झालेलं आहे, साहेब. इथंच, या पायरीवर. तिचं नाव सापडत नाही, तोंड सापडत नाही. पण शब्द दिलेला आठवतो. गाणं ऐकता ऐकता आठवला. तो शब्द असताना दुसरी बाई माझ्या घरात निजायची नाही. आश्रमात धाडा हवं तर." तो मागं दुसऱ्या बाकाकडे वळला. "डॉर्कसबाई, तुम्ही फार चांगल्या आहात. मला माफ करा."

पेटिफरांनी पुस्तक मिटलं आणि एनॉकच्या खांद्यावरून मागं पाहिलं.

"तुमच्या नवऱ्याची हरकत खरी आहे, मिसेस थरगुड," ते म्हणाले. "आता मी काय करू?"